वळणावरचा धोंडा

सकाळचा चहा अजून निवला नव्हता, तेवढ्यात ओढ्याकडून पहिला आवाज आला. धप्प. मग जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा धप्प, आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या कुणाचं तरी हलकं, घाईचं धप-धप. ओली वाकळ धोंड्यावर आपटली की असा भरीव आवाज येतो. सतरंजीचा निराळा, सुती लुगड्याचा निराळा, आणि पोरीबाळींच्या हल्लीच्या कपड्यांना तर आवाजच नसतो. भादवा सरत आलाय. घरोघर पितरं जेवायला यायला लागलीत, घट बसायला आठवडा उरलाय, आणि आमच्या गावानं दसरा काढायला घेतलाय.

आमच्या खटावाकडे दसरा नुसता साजरा करत नाहीत, आधी तो काढावा लागतो. म्हणजे घरात कापड म्हणून जे जे आहे, जुन्या लुगड्यांच्या वाकळा, गाद्यांच्या खोळी, बारदानं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चादरी, ते सगळं घट बसायच्या आत धुऊन वाळवून घडी घालून ठेवायचं. एकही पांघरूण मळकं राहिलं तर घरात देवी कशी यायची, हा साधा प्रश्न. रस्त्यात बाई भेटली की या दिवसांत ती तब्येत विचारत नाही. 'काढला का दसरा?' एवढंच विचारते.

मी माधवनगरची. वडील कापडाच्या गिरणीत मागावर होते, त्यामुळे कापड मला बोटांना कळायचं. अंधारातसुद्धा मांजरपाट कुठला आणि लंकलाट कुठला ते मी सांगितलं असतं. पाणी मात्र माझ्या लेखी नळातून यायचं आणि नळ गेला की जायचं. लग्न होऊन वडूजजवळच्या या गावात आले, इथल्याच शाळेत मास्तरीण झाले, आणि पहिल्याच भादव्यात सासूबाईंनी मला कपड्यांच्या गठळ्यांवर बसवून बैलगाडीतून ओढ्यावर नेलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या वेळी त्या पन्नाशीच्या होत्या, आणि डोक्यावर गठळं असतानासुद्धा माझ्यापेक्षा भराभर चालत होत्या.

ओढा गावाखाली एका मोठ्या उंबराशी वळायचा. पलीकडच्या काठाला पाणी काळंभोर, खोल. अलीकडे घोट्याएवढं आणि त्याच्या कडेला पांढरी वाळू. त्या वळणावर गावातल्या बायकांचे धोंडे होते, एकीला एक, वरपासून खालपर्यंत. आत्याबाईंनी एका निळसर काळ्या धोंड्यावर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो आपला. माज्या सासूचा व्हता, मग माजा. आता तुजा. दुसरीच्या धोंड्यावर बसू नगं आन आपला कुनाला दिऊ नगं." धोंड्याचा माथा झिजून मधोमध वाटीसारखा झाला होता. मी हसले. घराण्याचा दागिना म्हणून मला धोंडा मिळतोय, हे माहेरी पत्रात लिहिलंसुद्धा.

तो दागिना कसा वापरायचा ते शिकायला मला दोन वर्षं लागली. वाकळ दोघींनी पिळायची, एकीनं डावीकडे, दुसरीनं उजवीकडे. खोळी आधी भिजत घालायच्या, वाकळ शेवटी. वाळूवर पसरलेलं कापड दुपारी दोन वाजता उलटं करायचं. आणि वरच्या धोंड्यावरच्या बाईशी भांडायचं, कारण तिचा सोड्याचा फेस आपल्या धुण्यात येतो. हे भांडण दर वर्षी व्हायचं. ते झालं नाही तर दसरा नीट निघाला असं कुणाला वाटायचंच नाही. भांडून झालं की त्याच वाळूवर बसून दोघी एका फडक्यातली भाकरी खायच्या.

या सगळ्यात हमखास यायची ती मुमताजबी. नदाफांची सून, घरात कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायचा धंदा. खोळ कुणाची वाळली, कुणाची गादी आधी भरायची, ते बघत ती वळणाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत फिरायची. स्वतःचा धोंडा तिला होताच, अगदी खालचा, म्हणून सगळ्या गावाचा फेस तिच्या वाट्याला. "तुमी समद्या मिळून मला आंगूळ घाला," असं म्हणायची आणि मोठ्यानं हसायची.

याच दिवसांत वाळूवर एक करडा-पांढरा पक्षी यायचा, सारखी शेपटी खालीवर करणारा. आमच्याकडे त्याला परीट म्हणतात. तो बायकांच्या मधून बिनधास्त फिरायचा, जणू कुणाचं धुणं कसं चाललंय ते बघतोय. आत्याबाई म्हणायच्या, "आला बग मुकादम." तो आला म्हणजे थंडी फार लांब नाही, असा हिशेब.

आता सुभेदारांकडे वळते. सुभेदार म्हणजे माझे यजमान. सैन्यात इंजिनिअरांच्या पलटणीत त्यांनी पूल बांधले, रस्ते काढले, आणि निवृत्त होऊन आले ते सदऱ्याच्या खिशात पाणसळ घेऊन. गवंडी वापरतात ती काचेतला बुडबुडा असलेली छोटी पट्टी. ती अजून त्यांच्या खिशात असते. भिंतीवरचं कॅलेंडर, जेवायचा पाट, दारातली कुंडी, काहीही दिसलं की वर पाणसळ ठेवायची आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत दम घ्यायचा नाही. माझी कपडे वाळत घालायची तारसुद्धा त्यांनी चार वेळा काढून बांधली. मी म्हणायचे, कपडे वाकड्या तारेवरही वाळतात हो. त्यावर ते, "मास्तरीणबाई, काम म्हंजे काम." माणूस मात्र लाख मोलाचा. खोटं बोलत नाही, घेतलेलं काम सोडत नाही आणि चुकलं असं कधी म्हणत नाही. तिन्ही गोष्टी सारख्याच पक्क्या.

आमच्या गावात घरटी एक तरी फौजी आहे. पाऊस ओढ देत होता अशा एका उन्हाळ्यात या सगळ्या निवृत्त पलटणीनं ठरवलं की ओढ्याला शिस्त लावायची. पाणी साठवायचं तर ओढा खोल आणि रुंद हवा, असं तेव्हा सगळीकडेच बोललं जात होतं. आमच्या लोकांनी त्यात स्वतःची भर घातली. खोल, रुंद आणि सरळ! आमच्या शिवारात ओढ्याला तीन वळणं. सुभेदारांनी फरशीपुलावर उभं राहून शिट्टी मारली, दोरी ताणली, फक्कीची पांढरी रेघ मारली, ती थेट येरळा नदीच्या दिशेनं. एवढे आढेवेढे घ्यायचं ओढ्याला कारणच काय, असं त्यांचं म्हणणं. पोकलेन आलं, नारळ फुटला, आणि दहा दिवसांत ओढा सावधानमध्ये उभा राहिला. येरळा पुढे कृष्णेला मिळते आणि कृष्णा माझ्या माहेराला. म्हणजे आता इथलं पाणी माधवनगरच्या पोरींना लवकर भेटेल, अशी मी थट्टा केली.

थट्टा केली हे सांगून मोकळं होता येणार नाही. शाळेच्या फळ्यावर सुभेदारांचं आणि गावाचं अभिनंदन मीच लिहिलं होतं, रंगीत खडूनं, खाली सरळ ओढ्याचं चित्र काढून. फीत कापली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. दोष एकट्या सुभेदारांचा नाही.

वळणावरचे धोंडे यंत्राच्या पात्यात आले. काही बांधात गेले, काही तुटले. आमचा तेवढा सुभेदारांनी ट्रॉलीत घालून घरी आणला, आठवण म्हणून. पुढे पुण्याच्या लेकानं कपडे धुवायचं मशीन घेऊन दिलं. ते फिरायला लागलं की मोरीभर नाचायचं. मग सुभेदारांनी धोंडा पालथा घातला, त्याचं सपाट बूड वर आणलं, पाणसळ लावून तो मोरीत पक्का बसवला आणि त्याच्यावर मशीन ठेवलं. त्यानंतर मशीन जागचं हललं नाही. आत्याबाई ते बघत उंबऱ्यात बसल्या होत्या. स्वतःची वाकळ मात्र त्यांनी मशीनला लावू दिली नाही. "त्या डब्यात न्हाई घालायची माजी वाकळ." ती वाकळ त्यांच्या सासूच्या लुगड्यांची आहे, वर ठिगळं आत्याबाईंच्या लुगड्यांची, आणि एका कोपऱ्यात माझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा.

सरळ ओढ्यातून पहिलं पाणी धावलं तेव्हा गाव काठावर उभं राहून बघत होतं. काय ते पाणी! सुसाट. तासाभरात आलं आणि गेलंही. आत्याबाई काठी टेकत परत फिरल्या. म्हणाल्या, "कवा आलं आन कवा ग्येलं. गाठच पडली न्हाई."

त्या वर्षी दिवाळीतच विहिरींनी तळ दाखवला. पुढच्या वर्षी वाळू वाहून गेली आणि खाली पिवळा मुरूम उघडा पडला. काठ दर पावसाळ्यात हातभर ढासळायचे. फरशीपुलाच्या पायाखालची माती गेली. डोह नाही, म्हणून मासे नाहीत. मासे नाहीत, म्हणून खंड्या नाही. उथळ पाणी आणि वाळू नाही, म्हणून परीटही आला नाही. बायकांनी दसरा काढायला बोअरच्या हौदावर रांग लावली. तिथं एकीचं झालं की दुसरीनं, अशी पाळी. भांडायलासुद्धा निवांत वेळ नाही. आत्याबाईंची वाकळ मी हौदावर धुऊन आणली तर त्यांनी ती हुंगली आणि बाजूला ठेवली. "धुतली न्हाई, भिजवलीस."

वळण कापलं तेव्हा जुन्या पात्राची एक पट्टी आमच्याच रानात आली होती. सुभेदारांनी ती बुजवून तिथं आलं लावलं. बाकी सगळं रान जोमात आणि त्या पट्टीवरचं आलं दर वर्षी कुजायचं. पानं पिवळी, कंद नरम. सुभेदारांनी चर काढले, एक काढला, दोन काढले, तीन काढले, अर्थातच दोरी लावून. तरी कूज होतीच. गेल्या वर्षी शिमग्यानंतर एका सकाळी आत्याबाईंना ट्रॅक्टरवरून रानात नेलं होतं. बांधावर बसून त्यांनी लेकाला चौथा चर काढताना बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आरं, त्येला वाट म्हाईत हाय. अजून त्याच वाटंनं येतंय त्ये, खालनं. तुलाच म्हाईत न्हाई."

सुभेदार दोन दिवस एकटेच त्या पट्टीवर फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "आये, घट बसायच्या आदी तुजी वाकळ वळनावर धुयाची." मी ताटातून मान वर केली. वळण कुठं होतं? त्या वळणात तर आमचं आलं होतं. "काढायचं परत," एवढंच म्हणाले आणि कालवण मागितलं. चुकलं हा शब्द काही आला नाही. पण आईला शब्द दिला होता, आणि ती तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढची होती. पुढच्या वर्षी बघू असं म्हणायची सोय नव्हती.

त्यांनी ओढ्या-नद्यांचं काम करणाऱ्या माणसांना गाठलं, फोनवर वही घेऊन बसले. ती माणसं म्हणाली, सिमेंट घालू नका, पाण्याला खोल आणि उथळ दोन्ही द्या, काठाला झाडं लावा, पुराला पसरायला जागा सोडा. पण वळण नेमकं कुठून कुठं होतं, हे ते कुठून सांगणार? गावनकाशावर ओढा म्हणजे बोटभर निळी रेघ. सुभेदारांनी त्यावरून मोजून रानात खुंट्या ठोकल्या. मुमताजबी रस्त्यानं चालली होती, ती थांबली आणि हसायला लागली. "सायेब, हितं हौसाबाई वाकळ वाळवायची. हितं पानी कवा व्हतं?"

"मग कुटं व्हतं?"

"मला काय इचारताय? ज्येचा धोंडा त्येला इचारा."

आणि मुमताजबीनं गावात जाऊन बायका गोळा केल्या. चैत्रातलं कोवळं ऊन, नांगरून पडलेलं रान, मधोमध ओढा सोडून गेल्यामुळे एकटा उभा राहिलेला उंबर. वीसेक बायका आल्या. काहींच्या हातात नातवंडं, काहींच्या हातात खुरपी. मुमताजबी म्हणाली, आपापल्या धोंड्यावर उभ्या ऱ्हावा. धोंडे तर नव्हते. पण सगळ्यांत वरच्या धोंड्याची हौसाबाई उंबराच्या मुळीपासून पावलं टाकत गेली आणि एका ढेकळावर जाऊन थांबली. मग दुसरी म्हणाली, "मी तुज्या खाली दोन हातांवर. तुजा फेस थेट माज्या बादलीत यायचा." तिसरी म्हणाली, "आन हिचा माज्या." लगेच चौथीनं तिला सरकवलं, "तू हितं न्हवतीस, तू पलीकडं. आपलं भांडान झालं न्हवतं का गंगीच्या लग्नाच्या वर्षी?" वीस वर्षांची भांडणं तिथल्या तिथं उकरली गेली आणि प्रत्येक भांडणासरशी एक बाई एक पाऊल पुढे किंवा मागे सरकली. अर्ध्या तासात सगळ्या जागच्या जागी उभ्या होत्या. मी आमच्या धोंड्याच्या जागी.

सुभेदार बांधावर चढून बघत होते. मीही वळून बघितलं. बायकांची ओळ उंबरापासून निघून उजवीकडे झुकत गेली होती, मध्ये चांगली पोटात गेली होती आणि मुमताजबीपाशी परत डावीकडे आली होती. कोरड्या नांगरटीत ओढा उभा होता, हिरव्या, जांभळ्या, केशरी पातळांचा.

सुभेदारांनी सवयीनं तोंड उघडलं. रांग वाकडी आहे, हे सांगायचंच होतं त्यांना, मला दिसलं. पण मग ते खाली उतरले आणि प्रत्येकीच्या पायाशी गुपचूप एकेक खुंटी ठोकत गेले. खुंटी ठोकताना विचारायचे, "पानी किती?" कुणी म्हणे घोटा, कुणी म्हणे गुडघा. हौसाबाई म्हणाली, "माज्या समोर डोह. पोरास्नी तिकडं जाऊ देत नसू. डोक्यावर पानी." सगळं वहीत उतरलं. फोनवरच्या माणसांना त्यांनी ते कळवलं, तर ती माणसं म्हणाली की आम्हीही असंच सुचवलं असतं, पण एवढं बारीक आम्हाला जमलं नसतं. हे सुभेदारांनी मला तीनदा सांगितलं.

पलीकडच्या काठाला बापूरावांचं रान. तेही फौजी, सुभेदारांचे वर्गमित्र, आणि एकमेकांना टोमणा मारल्याशिवाय दोघांचा दिवस जात नाही. वळण खणायला लागलं तसे ते काठावर येऊन म्हणाले, "काय रं गड्या, तूच लाईन दिलीस, तूच मोडतूयास? पलटनीत आसं कुनी करत न्हाई. उत्तराचा पाऊस यिऊ दे, तुजं वळन, तुजी झाडं, तुजं आलं, समदं येरळंत जातंय बग." सुभेदार म्हणाले, "बगू." बापूरावांचं खोटं नव्हतं. आमच्याकडे पाऊस येतो तोच भादव्यात, परतीचा, आणि येतो तेव्हा दणकून येतो. सरळ चर आम्ही मातीनं बुजवला होता. पाण्यानं तो बुजवलेला भाग फोडला की सगळं मुसळ केरात.

उन्हाळाभर काम चाललं. वळणाचं बाहेरचं अंग खोल ठेवलं, आतलं उथळ. काठाला वाळुंजाच्या फांद्या खोचल्या, निरगुडी लावली, लव्हाळ्याचे गड्डे येरळेवरून आणून बसवले. आतल्या अंगाला आमच्या रानाचा एक तुकडा मुद्दाम सखल सोडला, पूर आला तर पसरायला. सुभेदारांच्या हातात दोरी नव्हती, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

आणि उत्तरा नक्षत्र लागल्यावर तिसऱ्या दिवशी पाऊस आला. दुपारभर डोंगराकडे काळं झालं, संध्याकाळी कोसळला, सकाळी ओसरला तेव्हा ओढ्याचा आवाज घरापर्यंत येत होता. आम्ही गेलो. तांबडं पाणी फरशीपुलाखालून आलं आणि बुजवलेल्या सरळ चरावर येऊन धडकलं. मातीला घाम फुटल्यासारखं पाणी झिरपायला लागलं. सुभेदार काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. घट बसायला अकरा दिवस होते. मला खरंच भीती वाटली. या माणसाचं हसं होईल याची तर वाटलीच, पण त्याहून जास्त वाटली ती घरी जाऊन आत्याबाईंना काय सांगायचं याची.

डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ घेऊन बापूराव आले. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्यांनी पाण्याकडे बघितलं, झिरपणाऱ्या मातीकडे बघितलं आणि ओरडले, "आरं बगत काय ऱ्हायलाय? पोती आना!" मग दोघं म्हातारे, मागून आणखी चौघं, मातीची पोती भरून चरावर रचत गेले. आणि त्या गडबडीत पाणी वळलं. कुणी वळवलं नाही. चढता चढता त्याला उंबराखालची वाट सापडली असावी. खोल अंगानं गेलं, फांद्या आडव्या झोपल्या, मग सखल तुकड्यावर पसरलं आणि तिथं एकदम निवांत झालं. आल्याच्या चार ओळी पाण्याखाली गेल्या. सुभेदारांनी त्या बघितल्या आणि नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. वाळुंजाच्या फांद्या चिखल झटकून परत उभ्या राहिल्या होत्या. आतल्या अंगाला बोटभर जाडीची वाळू आली होती. मी चप्पल काढून तिच्यावर उभी राहिले.

आज त्याला वर्ष झालं. या वर्षी आमच्या विहिरीला होळीपर्यंत पाणी होतं. डोहात मळ्या माशांची पिल्लं आहेत, उंबराच्या फांदीवर खंड्या बसतो, आणि बापूरावांनी या उन्हाळ्यात स्वतःच्या रानातलं वरचं वळण काढून घेतलं. त्यासाठी बायका पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा भांडल्या. तिसरंही होईल. सगळं पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणणार नाही. वाळू अजून तळहाताएवढी आहे, डोह हौसाबाईच्या डोक्याएवढा नाही, छातीएवढा आहे. पण ओढ्याला वाट दिली की पुढचं तो स्वतः करतो, याची मला आता खात्री आहे.

मला सांगायचं होतं ते गेल्या भादव्यातलं, घट बसायच्या दोन दिवस आधीचं.

मशीन बाजूला काढलं आणि धोंडा उचलला तेव्हा तो झिजलेला माथा इतक्या वर्षांनी वर आला. वाटीत मोरीची माती साचली होती. आत्याबाईंनी ती पदरानं पुसली. ट्रॉलीतून धोंडा, आत्याबाई आणि वाकळ अशी तिघं वळणावर पोहोचली. वाळूवर बायका होत्या, मुमताजबी होती, बापूराव उगाच आल्यासारखे उभे होते. सुभेदारांनी माझ्या खुंटीपाशी पाण्यात धोंडा उतरवला, खाली दगड सारले, आणि खिशातून पाणसळ काढून वर ठेवली. इकडे सारलं, तिकडे सारलं. बुडबुडा मधोमध आला. ते ताठ उभे राहिले. "बघ आये, लेव्हलमध्ये हाय."

आत्याबाई पाण्यात बसल्या. मी एका बाजूनं धरलं आणि आम्ही वाकळ भिजवून धोंड्यावर टाकली. सोड्याचं मळकट पाणी वाटीत साचलं. ते हलेचना. वाकळ आपटली तर तेच पाणी परत तिच्यात शिरलं. पुन्हा आपटली, पुन्हा तेच. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आत्याबाईंनी वाकळ मांडीवर ओढून घेतली आणि लेकाकडे बघितलं.

सुभेदारांनी धोंड्याकडे बघितलं, साचलेल्या पाण्याकडे बघितलं. पाणसळ खिशात टाकली. मग पॅण्ट वर न करता तसेच पाण्यात गुडघ्यावर बसले आणि धोंड्याला दोन्ही हात लावले.

"आये," ते म्हणाले, "चुकलं माजं. किती तिरका ठिवू, सांग."

आत्याबाईंनी आपला ओला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि धोंडा वाहत्या अंगाला दाबला. थोडा. आणखी थोडा. वाटीतलं मळकं पाणी कडेवरून उतरलं आणि ओढ्यात मिसळलं.

"बास," त्या म्हणाल्या. "आता धर ती बाजू. वाकळ दोगांनी पिळायची आसती."